लाल गोलाचं राज्य

मराठी संस्थांच्या वेबसाइटचा खरा संपादक एमएस पेंटमध्ये राहतो. त्याचं नाव लाल गोल.

संस्था कोणतीही घ्या. सहकारी बँक, इंजिनीअरिंग कॉलेज, महापालिकेचा एखादा विभाग, शतकमहोत्सवी ग्रंथालय. वेबसाइटवर चूक सापडली की स्क्रीनशॉट निघतो. चुकीभोवती लाल गोल पडतो, गोलातून बाण निघतो, बाणाच्या टोकाला 'हे बदलणे' असं लिहिलं जातं आणि ते चित्र वर्डच्या फाइलमध्ये चिकटवून मेलने रवाना होतं. फाइलचं नाव 'वेबसाइट करेक्शन्स फायनल २ नवीन'. ज्यांना स्क्रीनशॉट काढता येत नाही ते मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आणि चहाचा कप मोफत. ज्यांना तेही जमत नाही ते साहेब असतात. ते तोंडी सांगतात.

आता समजा, एका बँकेने ठेवीवरचा व्याजदर ७ टक्क्यांवरून ७.२५ केला. बदल म्हणाल तर दोन आकडे आणि एक टिंब. ठेव विभागातल्या मॅडमना नवा दर तोंडपाठ आहे, कारण परिपत्रक त्यांनीच काढलंय. पण वेबसाइटला हात लावायची त्यांना मुभा नाही. त्या मार्केटिंगला कळवतात. मार्केटिंग एजन्सीच्या अकाउंट मॅनेजरला कळवतं. तो म्हणतो, "तिकीट रेज करा." तिकीट रेज होऊन डेव्हलपरकडे जातं. या डेव्हलपरची बँकेत एक रुपयाची ठेव नाही. तो विचारतो, नेमकं कुठे बदलू? कारण जुना दर चार पानांवर आणि एका बॅनरवर आहे. बॅनर डिझायनरकडे. डिझायनर गावी. मग स्टेजिंग म्हणजे चाचणीची प्रत, मग यूएटी म्हणजे बँकेची तपासणी, मग 'प्लीज कन्फर्म' असा मेल, आणि तोवर शुक्रवार उजाडल्यामुळे लाइव्ह सोमवारी. सोमवारी फोन:

"मॅडम, बदललंय. बघा."

"इथे जुनंच दिसतंय हो."

"कॅशे क्लिअर करा."

"केली."

"कंट्रोल एफ-फाइव्ह मारा."

"तोही मारला."

"माझ्याकडे तर दिसतंय."

या शेवटच्या वाक्यावर आपला अर्धा आयटी उद्योग उभा आहे. उरलेला अर्धा 'हे स्कोपमध्ये नव्हतं' या वाक्यावर.

या सगळ्या मिरवणुकीला सुट्टी देणारी एक वस्तू बाजारात आहे. तिला व्हिज्युअल सीएमएस म्हणतात. सीएमएस म्हणजे वेबसाइटचा मजकूर सांभाळणारी यंत्रणा. ती बहुतेक संस्थांकडे असतेच, निदान बिलात तरी असते. व्हिज्युअल प्रकारात फरक एवढाच की लॉगिन केल्यावर समोर फॉर्म येत नाही, खुद्द पान येतं. वाचकाला दिसतं तसंच. ७ वर क्लिक करा, ७.२५ लिहा, मोबाइलवर कसं दिसेल ते शेजारीच बघा, मंजुरीला पाठवा. साध्या सीएमएसमध्ये, किंवा सीएमएसच नसताना, पंगतीत बसल्यासारखं होतं: पानात मीठ कमी आहे हे फक्त जेवणाऱ्याला कळतं, पण मीठ वाढप्याच्या हातात आणि वाढपी चौथ्या रांगेत. इथे मीठ ताटाशेजारी ठेवलंय, इतकंच.

इतक्या साध्या गोष्टीसाठी तीस-पस्तीस वर्षं का लागली? गंमत अशी की लागली नव्हतीच. १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब ब्राउझर लिहिला तो नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर, आणि तो ब्राउझर संपादकसुद्धा होता. आपलं पान उघडायचं, तिथल्या तिथे मजकूर बदलायचा, दुवा जोडायचा, साठवायचं. माणसं बसून एचटीएमएलचे टोकदार कंस हाताने लिहितील असं त्यांच्या मनातही नव्हतं. पण नेक्स्टची यंत्रं महाग आणि मोजकी. बाकीच्या जगासाठी १९९१ मध्ये जो साधा ब्राउझर आला तो फक्त वाचण्यापुरता होता. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून मोझेक आला, चित्रं आणली, लोकांची झुंबड उडवली; लिहिण्याची सोय मात्र त्यातही नव्हती. वाचणारे कोटींनी वाढले आणि लिहिणाऱ्यांना सांगितलं गेलं की आधी कंस शिका, नाहीतर कंसवाल्याला पकडा.

कंसवाल्यांचं बरं चाललं.

मध्ये प्रयत्न झाले. व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीने फ्रंटपेज काढलं. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये सुमारे १३ कोटी डॉलर मोजून ती कंपनीच घेतली. आपल्याकडच्या कित्येक शाळा-कॉलेजांची पहिली वेबसाइट त्यातच बनली. ज्यांच्याकडे तेही नव्हतं त्यांनी वर्डमध्ये पत्रक टाइप करून 'सेव्ह अ‍ॅज वेब पेज' केलं. पान दिसायला ठीक, पण आतला कोड पाहणाऱ्याला घाम फुटावा. मग ड्रुपल, वर्डप्रेस, जूमला अशी मंडळी आली, २००१ ते २००५ या पाच वर्षांत. डेटाबेस आला, लॉगिन आलं, शिस्त आली. आणि शिस्तीबरोबर फॉर्म आला. शीर्षक, उपशीर्षक, मजकूर १, मजकूर २, मजकूर २ पर्यायी. यातलं 'मजकूर २ पर्यायी' पानावर नक्की कुठे उमटतं हे फक्त त्या पोराला माहीत, ज्याने ते बनवलं. तो पोरगा आता बंगलोरला आहे आणि फोन उचलत नाही.

डोळ्यांवर पट्टी बांधून टाइप करायचं, 'प्रिव्ह्यू' दाबायचं, नव्या टॅबमध्ये थबकून बघायचं, परत यायचं. ही कसरत इंग्रजीत एक वेळ खपून जाते. मराठीत तिचे हाल कुत्रं खात नाही.

कारण वेबसाइटची चौकट आखणारा माणूस बहुधा इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून ती आखतो. त्याने बटण 'अप्लाय' या चार-पाच अक्षरी शब्दाच्या मापाने कापलेलं असतं. मराठी आवृत्तीत तिथे 'ऑनलाइन अर्ज सादर करण्यासाठी येथे क्लिक करा' एवढी वरात येते आणि 'सादर कर'पाशी अडकते. ओळींमधलं अंतर त्याने इंग्रजीच्या हिशेबाने घट्ट ठेवलेलं असतं. मग 'सर्वांगीण'वरचा रफार आणि अनुस्वार छपराला लागून कापले जातात आणि खालच्या ओळीतल्या वेलांट्या वरच्या ओळीतल्या उकारांत घुसतात. शीर्षकाला ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमध्ये फट ठेवायची त्याला हौस असते. इंग्रजीत ती फट शोभते. देवनागरीत शिरोरेषाच तुटते, आणि 'महाराष्ट्र' हा शब्द चार वेगवेगळ्या जिल्ह्यांत विभागला जातो. फॉर्ममध्ये टाइप करणाऱ्या बाईंना यातलं काहीही दिसत नाही. त्यांच्या चौकोनात सगळं आलबेल असतं. पानावर काय झालंय ते महिन्याभराने एखादा निवृत्त मुख्याध्यापक पत्र लिहून कळवतो. लाल शाईत.

आणि फॉन्ट. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव या जुन्या घराण्यांचे अवशेष आजही प्रत्येक डीटीपीवाल्याच्या संगणकात आहेत. युनिकोड येऊन जमाना लोटला, तरी वार्षिक अहवालाचा मजकूर प्रेसमधून येतो तो जुन्या फॉन्टमध्ये. तो उचलून सीएमएसमध्ये चिकटवला की कित्येकदा मजकुराबरोबर त्या फॉन्टचं नावही चिकटतं. ज्याने चिकटवलं त्याच्या संगणकात तो फॉन्ट असतोच, त्यामुळे त्याला स्वच्छ मराठी दिसतं. उरलेल्या जगाला डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हांची रास. 'माझ्याकडे तर दिसतंय' हे इथे अक्षरशः खरं असतं. नीट बांधलेला व्हिज्युअल सीएमएस चिकटवताना आलेली असली वस्त्रं उतरवून घेतो आणि वेबसाइटच्या फॉन्टमध्ये मजकूर दाखवतो. कचरा असेल तर चिकटवणाऱ्यालाच, त्याच क्षणी, डोळ्यांसमोर. शरम वाटायला उशीर लागत नाही.

जाता जाता: पानाची भाषा मराठी आहे असं यंत्रणेला सांगितलं आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली तर ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात, हिंदी सांगितली तर हिंदी वळणाचे. ही एक खूण करायची असते, पानागणिक. मराठी अस्मितेवर भाषणं छापणाऱ्या किती वेबसाइटवर ती केलेली असते हे बघण्याचा खेळ रविवारी दुपारी बरा जातो.

आता फोटोंकडे. महाराष्ट्रात वेबसाइट-टीमचं खरं कसब मजकुरात लागत नाही, मान्यवरांच्या फोटोंत लागतं.

२०१९ चा नोव्हेंबर आठवा. १२ तारखेला राष्ट्रपती राजवट लागली. २३ ला पहाटे ती उठली आणि सकाळी सकाळी शपथविधी झाला. २६ ला राजीनामा. २८ ला शिवाजी पार्कवर दुसऱ्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी. राजकीय विश्लेषकांनी त्या पंधरवड्यावर पुस्तकं लिहिली. माझी सहानुभूती मात्र त्या अज्ञात कंत्राटी ऑपरेटरकडे जाते, ज्याला एखाद्या सरकारी संकेतस्थळाच्या वरच्या कोपऱ्यातला फोटो सांभाळायचा होता. फोटो काढायचा, लावायचा, काढायचा, पुन्हा दुसरा लावायचा, आणि प्रत्येक वेळी विचारायचं कोणाला? साहेबांनाच माहीत नव्हतं.

त्यानंतर २०२२ च्या जूनमधलं सत्तांतर. मग २०२४: लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला, विधानसभेची १५ ऑक्टोबरला, आणि ५ डिसेंबरला पुन्हा नवी शपथ. आचारसंहिता लागली की सरकारी संकेतस्थळांवरून मंत्र्यांचे फोटो आणि त्यांचे उल्लेख उतरवावे लागतात, असा निवडणूक आयोगाचा दंडक. फोटो एकाच जागी असता तर दोन मिनिटांचं काम. पण तो योजनेच्या बॅनरमध्ये जेपीजीतच विरघळवलेला असतो, शुभेच्छापत्रात असतो, पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर असतो, आणि २०१७ च्या कुठल्याशा उद्घाटनाच्या फोटोत मागच्या फ्लेक्सवरही असतो. मग रात्रभर शोधमोहीम. पुढारी रस्त्यावरच्या फ्लेक्सला कापड लावतात. वेबसाइटला कापड लावायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून काही मंडळी सगळी वेबसाइटच 'अंडर मेंटेनन्स' करून मोकळी होतात.

इथे व्हिज्युअल सीएमएसचा, किंवा खरं म्हणजे त्याच्या पोटातल्या रचनेचा, सगळ्यात मोठा फायदा आहे आणि विक्रेते तो सर्वांत शेवटी सांगतात, कारण तो डेमोमध्ये चमकत नाही. चांगल्या व्यवस्थेत पान म्हणजे ठोकळ्यांची रचना असते. 'मान्यवर' हा एक ठोकळा, तो चाळीस पानांवर दिसतो पण राहतो एका जागी. तिथे बदलला की चाळीसही ठिकाणी बदलतो. बँकेचा व्याजदरही तसाच: लिहायचा एकदा, दिसणार चार पानांवर. अमेरिकेतल्या नॅशनल पब्लिक रेडिओने २००९ च्या सुमारास हेच धोरण म्हणून मांडलं होतं की मजकूर एकदाच तयार करा आणि वेबसाइट, मोबाइल, जिथे हवा तिथे पोचवा. तेव्हा मजकूर आणि त्याचं रूप वेगळं ठेवा म्हणणारे लोक 'दिसतं तसं लिहा' प्रकारच्या साधनांवर चिडून होते, आणि त्यांचं चूक नव्हतं. फ्रंटपेजी पिढी फक्त रूपच साठवायची. नवी पिढी मजकूर कपाटात नीट घड्या घालून ठेवते आणि वर पान दाखवते. विकत घेताना यातली कुठली पिढी दारात आली आहे एवढं बघा. दोघींच्या जाहिराती सारख्याच असतात.

ठोकळ्यांना तारीखही लावता येते: या दिवशी दिसायला लाग, त्या दिवशी नाहीसा हो. गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा शिमग्यापर्यंत टिकवणाऱ्या देशात ही सुविधा लोकप्रिय होईल असं वाटत नाही. तशी तारीख असती तर २०१४ च्या निविदेशेजारी 'नवीन' असं लिहिलेलं पिवळं-लाल चित्र अजून लुकलुकत राहिलं नसतं. आणि 'इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उत्तम दिसेल' ही तळटीपही. त्या एक्स्प्लोररला मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निवृत्त केलं. तळटीप सेवेत कायम आहे.

एक मुद्दा थट्टेचा नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चा; त्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणांना पुष्कळशी माहिती कुणी मागायच्या आधीच जाहीर करायला सांगितलंय. ती जाहीर होते कशी? टाइप केलेलं पत्र छापतात, सही-शिक्का मारतात, वाकडं स्कॅन करतात आणि पीडीएफ चढवतात. त्यातलं एकही अक्षर शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही, आणि दृष्टिहीन माणसाच्या स्क्रीन रीडरला तर तिथे फक्त शांतता ऐकू येते. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. पण ज्या कारकुनाला पानावर दोन ओळी लिहायला एजन्सीच्या पाया पडावं लागतं, तो स्कॅनरच जवळ करणार. पीडीएफ चढवायला फक्त एक बटण आहे. लिहिणंही तेवढंच सोपं झालं आणि चित्राचं वर्णन लिहिल्याशिवाय यंत्रणेने चित्र घेतलंच नाही, तर निदान 'तांत्रिक अडचण' हे कारण तरी पळवून नेता येईल. दुसरं शोधतील; तेवढा विश्वास आहे.

मग हे सगळं इतकं गुणी असताना विरोध कोणाचा?

ज्यांना अवघड पद्धत येते त्यांचा, हे पहिलं उत्तर. जुलै २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर व्हिज्युअल एडिटर पुढे आणला गेला. नवख्यांना चौकोनी कंस आणि उभ्या रेघांच्या जंजाळातून सोडवावं हा हेतू. जुन्याजाणत्या संपादकांनी असा कल्ला केला की सप्टेंबरअखेर तो मागे घेऊन 'ज्याला हवा त्याने चालू करावा' इथवर आणावा लागला. तक्रारी बऱ्याच अंशी खऱ्या होत्या: तो मंद होता, चुका करायचा, लेखात नको ती चिन्हं सोडून जायचा. वर्डप्रेसने ६ डिसेंबर २०१८ ला आपला ठोकळ्यांचा संपादक आणला, त्याला छपाईच्या जनकाचं, गुटेनबर्गचं नाव दिलं. आणि तो टाळून जुना संपादक परत आणणारं त्यांचंच प्लगइन ५० लाखांहून अधिक वेबसाइटवर जाऊन बसलं. माणसाला त्रासाची सवय झाली की तो त्रास कौशल्य म्हणून बायोडेटात जातो. नंतर तो काढून घेतलेला कोणाला आवडेल?

पण कंसवाले हे किरकोळ विरोधक. पट्टीचा विरोधक केबिनमध्ये बसतो.

लाल गोलाची सगळी साखळी कामाला मंद असली तरी एका कामात तरबेज होती. ती जबाबदारी इतक्या हातांत वाटायची की शेवटी कोणाच्याच हातात काही उरायचं नाही. चुकीचा दर कोणी टाकला? विभागाने कळवला होता, मार्केटिंगने पाठवला होता, एजन्सीने केला होता, मॅडमनी कन्फर्म केलं होतं, कॅशेमुळे दिसला नव्हता. सगळे निर्दोष. कॅशेला फाशी. व्हिज्युअल सीएमएस आला की ज्याला माहिती आहे तोच लिहितो, आणि यंत्रणा शेजारी नोंद करते: कोणी, किती वाजता, आधी काय होतं, नंतर काय झालं, मंजुरी कोणी दिली. एका क्लिकवर जुनं परत आणता येतं, हा फायदा माहितीपत्रकात ठळक अक्षरांत असतो. त्याच नोंदीत साहेबांचं नाव येतं, हे माहितीपत्रकात नसतं. ते साहेब स्वतःच हुडकतात, पहिल्याच डेमोला, आणि मग विचारतात, "सिक्युरिटीचं काय?"

साहेबांना दुसरं भय असं की सगळ्यांनी बदल केले तर वेबसाइटचं वाटोळं होईल. हे भय मात्र खरं आहे. मुख्यतः साहेबांमुळेच. "जरा उठावदार करा" या आदेशाने महाराष्ट्रात जेवढ्या वेबसाइट मारल्या तेवढ्या हॅकरांनी मारल्या नसतील. कुठेही काहीही ओढून टाकता येणारी साधनं हातात दिली की पहिल्या आठवड्यात अकरा रंग, तीन फॉन्ट आणि एक सरकती पट्टी येते. म्हणून चांगला व्हिज्युअल सीएमएस ओळखायचा तो काय करू देतो यावरून नाही, काय करू देत नाही यावरून. मजकूर बदला, फोटो बदला, ठोकळा वर-खाली करा; रंग ठरलेल्या पाचांतलेच, शीर्षकाची लांबी एवढीच, आणि सरकती पट्टी नाही म्हणजे नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांसाठी एस-थ्री-वास नावाची सामाईक व्यवस्था आणली. आता एका जिल्ह्याचं पान पाहून दुसऱ्याचं आठवतं, अशी कुरकूर ऐकू येते. आठवू द्या. अर्जाचा नमुना लातूरला जिथे सापडतो तिथेच रत्नागिरीलाही सापडत असेल तर सौंदर्याचं नंतर बघू. नागरिक तिथे सौंदर्य बघायला येत नाही, सातबारा शोधायला येतो.

आता डेमोला बसणाऱ्यांसाठी थोडं. समोरचा मुलगा फार वेगाने माउस फिरवतो, त्याला थांबवायचं. त्याच्या लॅपटॉपवर नको, आपल्या मॅडमच्या मोबाइलवर पान उघडायला सांगायचं, आणि वाय-फाय बंद करून. ओढा-टाका साधनांपैकी कित्येक पानामागे एवढी गुंतागुंत साठवतात की पान उघडेपर्यंत वाचकाचा चहा होतो. गूगलच्या मापाने मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसला तर ठीक. मग त्याला प्रेसमधून आलेला एक परिच्छेद चिकटवायला द्यायचा. मग लांबलचक मराठी शीर्षक. मग शेवटचा प्रश्न, चहा संपत आल्यावर, सहज विचारल्यासारखा: तीन वर्षांनी तुम्हाला सोडायचं ठरवलं तर आमचा मजकूर आम्हाला कशा स्वरूपात परत मिळेल? या प्रश्नावर मुलगा माउस सोडून पाणी पितो. काही साधनं काढून टाकली की पानावर चौकोनी कंसांतल्या आज्ञांचा ढिगारा उरतो आणि आपला मजकूर त्याखाली श्वास घेत पडलेला असतो. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणतो, "सर, ते कस्टमायझेशनमध्ये येईल." समजून घ्यायचं.

तरीही शेवटी घेतात. बजेट मार्चअखेर संपवायचं असतं. प्रशिक्षणाचा दिवस ठरतो, सामोसे येतात, बारा विभागांचे बारा प्रतिनिधी वही घेऊन बसतात. ठेव विभागातल्या मॅडम पाच मिनिटांत दर बदलून दाखवतात आणि टाळ्या पडतात. मग खरेदी विभागाच्या लक्षात येतं की परवाना माणशी आहे. बारा लॉगिनचे पैसे? छे. एकच घेतात. पासवर्ड स्टिकी नोटवर लिहून मॉनिटरला लावतात, सगळ्यांना दिसेल असा.

आता व्याजदर त्याच दिवशी बदलतो, हे खरं. नोंदवहीही इमाने इतबारे चालू आहे. 'अ‍ॅडमिन यांनी मजकूर बदलला. अ‍ॅडमिन यांनी मंजुरी मागितली. अ‍ॅडमिन यांनी मंजुरी दिली. अ‍ॅडमिन यांनी पूर्ववत केलं.' हा गृहस्थ रात्री दोन वाजता कामावर असतो, एकाच मिनिटाला मुख्य कार्यालयात आणि सांगली शाखेत असतो, रजा घेत नाही, आणि सगळ्या चुका बिनतक्रार स्वतःच्या नावावर घेतो. वर्धापनदिनाला आदर्श कर्मचारी पुरस्कारासाठी त्याचं नाव पुढे करावं असं काहींचं म्हणणं आहे. फोटो कुठला लावायचा, एवढ्यावर अडलंय.